नंदी कुठवर न्यायचा?

(नागपुरातील मानेवाडा-बेसा रस्त्यावरील एका सोसायटीचा ग्रुप, पोळ्याच्या आधीचा रविवार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. त्यात मुले लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात आणि त्यांना जे पैसे किंवा खाऊ मिळतो, तो बोजारा.)

सकाळी 8.10, सचिव, अ-203

सर्व सभासदांना नमस्कार. यंदाचा तान्हा पोळा सायंकाळी पाच वाजता आपल्या पार्किंगमध्ये घ्यावा, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. मुलांनी नंदी सजवून आणावेत. मुलांना घरोघरी फिरावे लागू नये म्हणून बोजाऱ्याचे पाकीट सोसायटीतर्फे एकदाच आणि एकाच ठिकाणी देण्याची व्यवस्था केली आहे. मात्र मागच्या गल्लीतील चार-पाच मुलांनी काल चौकीदाराकडे "आम्ही पण नंदी घेऊन येऊ का" अशी विचारणा केली. दोन वर्षांपूर्वी सायकली चोरीला गेल्यापासून मागचे गेट बंद आहे, हे आपण जाणताच. ते त्या दिवसापुरते उघडावे किंवा कसे, याबाबत सभासदांनी मत कळवावे. कृपया केवळ अंगठ्याचे चिन्ह टाकू नये, कारणासह लिहावे, कारण मागच्या वेळी अंगठे मोजताना झालेला वाद सर्वांच्या स्मरणात असेल.

8.34, ब-502

सचिवसाहेब, माझे मत गेट उघडू नये असे आहे. मी मिहानमध्ये नोकरी करतो आणि रात्री उशिरा परततो. मागच्या गल्लीत कोण राहते हे मला ठाऊक नाही, मी कोण हे त्यांनाही ठाऊक नाही, आणि यात कुणाचे काही बिघडले आहे असे मला वाटत नाही. किराणा मोबाईलवरून येतो, दूध दारात येते, कचरा दारातून जातो. आपला परिसर म्हणजे ज्याचा मेंटेनन्स आपण भरतो तेवढा, अशी माझी सरळ समजूत आहे. त्यापलीकडे कुणी पडले, हरवले किंवा काही चोरीला गेले, तर जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवावे लागेल.

9.20, ग-101

502 चे चिरंजीव (वयाने माझ्या मुलाएवढे आहात म्हणून असे लिहितो, राग मानू नये), तुमची व्याख्या हिशेबाला बरोबर आहे, परंतु तिने माझे समाधान झाले नाही.

माझे बालपण नागपूरच्या महाल भागात गेले. आमच्या मोहल्ल्याची हद्द कुणी नकाशावर आखून दिलेली नव्हती, तरी तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी ती आम्हाला नेमकी कळत असे. माझा नंदी वीतभर उंचीचा आणि साध्या लाकडाचा होता. त्याच्या मागच्या डाव्या चाकाचे भोक झिजून मोठे झाल्यामुळे दोरीने ओढताना तो लंगडत चाले आणि त्याचे एक शिंग आजोबांनी सरसाने चिकटवलेले होते. ज्या घरी हा लंगडा नंदी ओळखीचा होता, तिथली आजी त्याला ओवाळायची, त्याच्या कपाळाला कुंकू लावायची, माझ्या हातावर दहा पैसे ठेवायची आणि वर विचारायची, "काहून रे, यंदाही चाक नाही बसवलं?" ज्या घरी "कोणाचा रे तू?" असा प्रश्न येई, तिथे आपला मोहल्ला संपला असे समजून आम्ही मागे फिरत असू. एका वर्षी आम्ही धिटाई करून दोन घरे पुढे गेलो. तिथल्या बाईंनी नाव, आडनाव, वडिलांचा धंदा असे सगळे विचारून घेतले आणि मगच बोजारा दिला. पुढच्या वर्षी मात्र आम्ही वळणावर दिसताच त्यांनी आत हाक दिली, "लंगडा नंदी आला गं." आमची हद्द दोन घरांनी पुढे सरकली ती अशी, आणि त्यासाठी कुणाला ठराव मांडावा लागला नाही.

या शहराची घडणही अशीच झाली आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास बारा लहान वस्त्या जोडून नागपूर वसवले. पुढे ते भोसल्यांची राजधानी झाले, विस्तारले, आणि त्यातल्या वस्त्यांना इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी अशी नावे पडली ती तिथे भरणाऱ्या बाजाराच्या वारावरून. हे आपण इतके सहज बोलतो की त्यातला अर्थ लक्षात येत नाही. बाजाराचा वार म्हणजे बाहेरची माणसे वस्तीत येण्याचा वार. आपल्या पूर्वजांनी मोहल्ल्याला नाव दिले ते परके लोक आत येण्याच्या दिवसावरून! आपल्या भागातील ले-आउटांची नावे कशावरून पडली, हे सांगत बसत नाही, सात-बारा ज्याचा त्याला ठाऊक असतो.

गेट बंद झाल्यापासून मी आटाचक्कीवर जाताना मुख्य रस्त्याने वळसा घालतो. पूर्वी दोन मिनिटे लागत, आता पंधरा लागतात, आणि गुडघ्यांचा हिशेब वेगळा. परंतु खरी अडचण चालण्याची नाही. तीन महिन्यांपूर्वी मी गव्हाचा डबा घेऊन गेलो, तेव्हा चक्कीवाल्याने मला विचारले, "कुठून आले, भाऊ?" वास्तविक त्याची चक्की माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. माझे मत गेट उघडावे असे आहे.

9.41, क-102

गेट उघडावे. बोजाऱ्याची पाकिटे किती करायची ते मात्र आज कळवावे, म्हणजे सुटे पैसे आणता येतील.

10.15, क-304

ग-101 काकांचे लिहिणे मी दोनदा वाचले. मलाही गेट उघडलेले हवे आहे, परंतु काकांना मोहल्ला जसा आठवतो तसा तो सर्वांना आठवत नाही, एवढे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

मी लग्नानंतर नऊ वर्षे इतवारीतील एका गल्लीत राहिले. रुग्णालयातील ड्युटी संपवून मी रात्री किती वाजता परतते, हे माझ्या सासूबाईंच्या आधी समोरच्या ओट्याला ठाऊक असे. कोणत्या दिवशी कोणी सोडायला आले होते, पिशवीत सांबार (कोथिंबीर) होता की औषधे होती, माहेरचे किती दिवस राहिले, हे सगळे गल्लीच्या जमाखर्चात चढत असे. "कोणाची गं तू?" या प्रश्नाने मुलाला बोजारा मिळत असेल, सुनेला मात्र त्याच प्रश्नाने आठ-आठ दिवस झोप लागत नाही. या सोसायटीत आल्यावर पहिले सहा महिने मला लिफ्टमध्ये कुणी काहीही विचारले नाही, आणि ते मला उन्हाळ्यात कुलरसमोर बसल्यासारखे वाटले होते. त्यामुळे 502 यांचे म्हणणे मला सर्वस्वी चूक वाटत नाही.

दुसरे असे की, काका, तुमच्या आठवणीतील त्या बाईंनी आडनाव विचारले होते. ते ऐकून ज्याचा नंदी पुढच्या वर्षीही उंबऱ्याबाहेरच राहिला असता, अशा एखाद्या मुलाची गोष्ट तुम्ही सांगितली नाही. कदाचित ती तुम्हाला दिसली नसेल.

असे असले तरी त्याच गल्लीतील एक दिवस मला आजही हवासा वाटतो, आणि योगायोगाने तो तान्ह्या पोळ्याचाच आहे. आमचे घर मारबतीच्या, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीच्या वाटेवर होते. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते, आणि दोघींची भेट पाहायला इतवारीत पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या दिवशी आमच्या गच्चीवर पाहुण्यांबरोबर अनोळखी माणसेही चढत. पाण्याचा माठ मीच भरून ठेवत असे. खाली बडग्यांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या इतर पुतळ्यांवर, त्या वर्षीच्या महागाईपासून खड्ड्यांपर्यंत सगळ्यांची नावे लिहिलेली असत आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा गजर चाले. एरवी माझ्या येण्याजाण्याची नोंद ठेवणाऱ्या समोरच्या काकू त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून टाचा उंचावून पाहत असत, आणि गच्चीवर कोण कोणाचे आहे हे कुणी कुणाला विचारत नसे. मला मोहल्ला हवा आहे तो त्या गच्चीसारखा, त्या ओट्यासारखा नव्हे. म्हणून माझी अट एवढीच की, गेट उघडावे आणि येणाऱ्या मुलांना कोणीही आडनाव विचारू नये, वहीत लिहिण्यासाठीसुद्धा नाही.

10.52, ग-101

304 ताई, आपण बरोबर बोट ठेवले. आमच्या टोळीत एक मुलगा असायचा. काही ठरावीक दारांशी तो आत न येता बाहेर थांबायचा आणि आमचे नंदी सांभाळायचा. त्याला नंदी सांभाळायला आवडतात, असेच मी कितीतरी वर्षे समजत होतो. आपली अट मला मान्य आहे.

11.30, अ-406

मी येथे नवा भाडेकरू आहे, मताचा अधिकार मला आहे किंवा नाही हे सचिवांनी ठरवावे, परंतु एक अनुभव सांगतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे आम्ही अंबाझरीच्या खालच्या बाजूला तळमजल्यावर राहत होतो. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, हे सर्वांना आठवत असेल. मला जाग आली तेव्हा चपला पलंगाखालून निघून स्वयंपाकघराकडे तरंगत चालल्या होत्या. वीज गेलेली होती. तेवढ्यात समोरच्या घराच्या गच्चीवरून बॅटरीचा झोत आमच्या खिडकीवर पडला आणि आवाज आला, "ओ पांढरी गाडी! वर या, लेकराला आधी द्या!"

ते गृहस्थ आणि मी यांच्यात गाडी लावण्यावरून चार महिने अबोला होता. त्यांना माझे नाव माहीत नव्हते, मला त्यांचे नव्हते. परंतु ते रोज माझ्या गाडीवर चिडत असल्यामुळे, ती उभी आहे म्हणजे आम्ही आत आहोत, हे त्यांना त्या अंधारातही कळले. आम्ही दोन रात्री त्यांच्याकडे काढल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाळाने भरलेल्या गाडीकडे बोट दाखवून "आता तरी हलवा" असे म्हटले, आणि आम्ही दोघेही बराच वेळ हसत होतो.

हे सांगण्याचे कारण असे की, या सोसायटीत येऊन मला सात महिने झाले आणि अद्याप माझे कुणाशी साधे भांडणही झालेले नाही. रात्री-बेरात्री काही झाले तर मी आत आहे हे येथे कुणाला कशावरून कळेल, याचे उत्तर मला सापडलेले नाही. मत असल्यास ते गेट उघडण्याच्या बाजूने धरावे.

11.44, सचिव, अ-203

भाडेकरूचे मत धरण्यात येईल. भांडणाची सोय मात्र कार्यकारिणी करू शकत नाही, त्यासाठी पार्किंगमध्ये सायंकाळी सातनंतर यावे.

12.25, ब-502

सर्वांचे लिहिणे वाचले. 406 यांचा प्रसंग वाचून मी थोडा वेळ थांबलो, हे कबूल करतो. तरीही माझा विरोध कायम आहे आणि तो नोंदवून घ्यावा. त्या गल्लीतील लोकांवर माझा अविश्वास नाही. एकदा उघडलेले गेट पुन्हा नीट बंद करण्याची शिस्त आपल्यात नाही, हे मी जिन्यातील दिव्यांवरून सांगतो. उघडायचेच ठरले, तर त्या कोपऱ्यातला कॅमेरा गेल्या दिवाळीपासून आपल्याच भिंतीकडे तोंड करून बसला आहे, तो मी आज वळवून देतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी चार ते आठ या वेळेत गेटजवळ कोण थांबणार, त्यांचे नाव आधी जाहीर करावे.

12.40, क-304

मी थांबते. त्या दिवशी माझी सकाळची ड्युटी आहे.

1.05, ग-101

एक मुद्दा राहून गेला. आपण सगळे त्या मुलांनी आत यावे की नाही, यावरच लिहीत आहोत. आपली मुले त्या गेटमधून बाहेर जाणार की नाही, हे कुणी लिहिलेले नाही. पार्किंगमध्ये रांगेत उभे राहून पाकीट घेतले, तर त्याला बक्षीस समारंभ म्हणावे, त्याला बोजारा म्हणता येणार नाही. बोजारा दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन घ्यायचा असतो, आणि उंबरा कुणाचा हे मुलाने स्वतः लक्षात ठेवायचे असते. माझी सूचना अशी की, पार्किंगमधील कार्यक्रम अर्ध्या तासात आटोपावा आणि मग दोन्हीकडच्या मुलांनी मिळून आधी आपल्या चार इमारती आणि मग मागची गल्ली फिरावी.

1.12, क-102

आमचा नातू चक्कीपर्यंत जाईल. मी सोबत राहीन. त्यापुढे त्याचे आई-वडील पुण्याहून फोनवर काय म्हणतात ते पाहावे लागेल.

1.20, ब-204

गल्लीतील लोकांनी मुलांना काही खायला दिले तर खाऊ द्यावे का, याबद्दलही ठरवावे. आमच्या मुलीला फल्लीदाण्याची (शेंगदाण्याची) ॲलर्जी आहे. हा विरोध समजू नये, ही केवळ माहिती आहे. तिला जायचे आहे, सकाळपासून नंदीला तीनदा रंग देऊन झाला आहे.

4.50, सचिव, अ-203

आतापर्यंत आलेल्या मतांनुसार 19 सभासद गेट उघडण्याच्या बाजूने आणि 7 विरोधात आहेत. विरोधी मते कारणांसह इतिवृत्तात घेतली जातील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चार ते रात्री आठ या वेळेत गेट उघडे राहील, 304 ताई तेथे थांबतील, येणाऱ्या मुलांकडून नाव-आडनाव काहीही विचारून घेतले जाणार नाही आणि खाण्याच्या वस्तू मुलांनी घरी आणून दाखवाव्यात. गल्लीत फिरण्याबाबत पालकांनी आपापला निर्णय घ्यावा. गल्लीतील घरांना हे कळवण्याचे काम ग-101 काकांनी स्वीकारले आहे. ते चक्कीपासून सुरुवात करणार आहेत.

एक अडचण उद्भवली आहे. मागच्या गेटच्या कुलपाची किल्ली कार्यालयात सापडत नाही. चौकीदार दुपारपासून कुलपात खोबरेल तेल सोडत आहे आणि आपल्याकडच्या सगळ्या जुन्या किल्ल्या लावून पाहत आहे, परंतु गंज आतपर्यंत गेला आहे. किल्ली करून देणारे कोणी कुणाच्या माहितीत असल्यास त्वरित कळवावे.

4.58, क-304

मागच्या गल्लीत पानठेल्याला लागून एक किल्लीवाला बसतो. आपल्या गेटपासून तो वीस पावलांवर आहे, गजांतून हाक मारली तरी ऐकू जाईल.

5.03, सचिव, अ-203

हाक मारून पाहिली. त्याने कुलूप बाहेरून पाहिले आणि ते आतल्या बाजूने लावलेले असल्यामुळे आत यावे लागेल असे सांगितले. चौकीदाराला त्याला मुख्य रस्त्याने वळसा घालून आणायला पाठवले आहे.