खाऱ्या हवेत गाडीला वॅक्स: कुठलं आणि कशासाठी?

खाजणकाठ, रत्नागिरी
काल कुणीतरी इथे ठोकून दिलं की "किनाऱ्यावर वॅक्स म्हणजे पैसे पाण्यात, एकदा सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा टणक, टिकाऊ थर) मारा आणि पाच वर्षं बघू नका". वाचून डोकंच फिरलं. अहो माझ्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, सकाळी बॉनेटवरून बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं. ते मीठ सिरॅमिकवरही तसंच बसतं, धुतल्याशिवाय जात नाही, मग "बघू नका" कसं म्हणता? कारनौबा म्हणजे ब्राझीलच्या माडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण, चकाकी झकास, पण आपल्याकडे दीड-दोन महिने टिकलं तरी पुष्कळ. म्हणून मी मे संपता संपता सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखंच लावायचं पण जास्त टिकणारं कृत्रिम द्रव्य, लावतो, गणपतीपर्यंत पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात. कारनौबा दिवाळीनंतर, हौस म्हणून. आणि आधी गाडी स्वच्छ धुवायची, वाळूचा एक कण फडक्यात राहिला तर ओरखडे आपणच काढतो.

घाटावरचा
ती पोस्ट माझीच. पाच वर्षं जरा जास्त लिहिलं, ठीक. पण दर चार महिन्यांनी अर्धा रविवार घासत बसायला वेळ कुणाला आहे?

चिऱ्याचं घर
दोघंही वरवरचं बोलताय. गंज खालून येतो हो! बाबांची गाडी वरून आरसा, दर महिन्याला वॅक्स. एक दिवस दाराच्या खालच्या कडेला बोट घातलं तर पत्र्याचा पापुद्रा हातात आला. पाणी निघायची भोकं लाल मातीने बुजलेली, आत पाणी साचून साचून दार कुजलं. तिथे तुमचं कारनौबा काय करणार? आणि खालून सगळ्यात लवकर कुणाच्या गाड्या सडतात माहितीये? पुळणीवर गाड्या घालणाऱ्यांच्या. सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईच्या गाड्या सरळ लाटांत. ज्या वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत कासवं अंडी घालतात तसल्या वाळूवर टायर फिरवायला मन कसं होतं?

घाटावरचा
सगळ्या पुणेकरांना एका दावणीला बांधू नका. मी आजवर एकदाही वाळूत गाडी घातली नाही. आणि पर्यटकांना जीपमधून पुळणीवर फिरवतात ते कोण, आमच्याकडचे का?

मालवणी माणूस
गाडी रुतली काय ओढूक आमचोच ट्रॅक्टर लागता! गेल्या मे महिन्यात रात्री दोन वाजता भरतीच्या पाण्यात कमरेभर उभो रवान दोर बांधलंय. आत दोन पोरां रडत होती. बाप माका विचारता, "पत्र्याला काही होणार नाही ना?" पोरांचा आधी बघ रे मेल्या! पण जीपवाल्यांचा म्हणणा खरा आसा, आमच्या गावातले पण घालतत, तेंकाही मी तोंडावर सांगतंय.

चिऱ्याचं घर
जीपचं मान्य करावं लागेल. मला ते आवडत नाही, पण खोटं नाही.

आंबेवाली ताई
धुवा धुवा म्हणताय ते पाणी कुठून आणायचं? पावसात आभाळ फाटतं आणि एप्रिल-मेत विहिरीचा तळ दिसतो. आमच्या वाडीत टँकर येतो, त्यातलं पाणी गाडीला ओतलं तर सासूबाई मला घरात घेणार नाहीत.

खाजणकाठ
ताई, हे मी विचारातच घेतलं नव्हतं. दोन बादल्यांत होतं, एक साबणाची एक साध्या पाण्याची, पण चाकांच्या कमानी आणि दाराच्या कडा आधी, टप नंतर. भोकं काडीने मोकळी करायची. गंजाबद्दल 'चिऱ्याचं घर' यांचं बरोबर आहे, वॅक्स फक्त वरच्या रंगाची राखण करतं, खाली अँटी-रस्ट वेगळं मारायला लागतं. आणि दुकानात वॅक्स म्हणून रबिंग पॉलिश गळ्यात मारतात त्यापासून जपा. वरचा पारदर्शक थर केसाहून पातळ, दरवेळी ते घासलं तर तोच झिजतो. माझ्या पहिल्या गाडीचं टप त्यानेच पांढरट पडलं, आजही हळहळ वाटते.

घाटावरचा
सिरॅमिक मी सोडणार नाही. पण आत्ताच खाली जाऊन दारं बघितली, डाव्या मागच्या दाराची दोन्ही भोकं बंद होती. उघडल्यावर पेलाभर लाल पाणी आलं.