मदत हवी आहे: आईबाबांना स्कॉटलंडमधलं कलरॉस दाखवायचंय, आईच्या गुडघ्यांना झेपेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही एडिंबरात राहतो, सप्टेंबरात आईबाबा रत्नागिरीहून येतायत. बाबांनी उभा जन्म कोकणात घरं बांधली, त्यामुळे मॉल नको, मला इथली जुनी घरं आणि छपरं दाखव असं त्यांनी फोनवर आधीच बजावलंय. म्हणून फाइफ परगण्यातलं कलरॉस हे गाव मनात आहे (स्थानिक लोक 'कूरस' म्हणतात, बसमध्ये विचारताना लक्षात ठेवा).

फोर्थच्या खाडीकाठचं हे गाव, 16व्या-17व्या शतकातली घरं अजून उभी आहेत, पायऱ्यापायऱ्यांच्या त्रिकोणी भिंती आणि वर लाल कौलं. इथून कोळसा आणि मीठ भरून जहाजं हॉलंडकडे जायची आणि परत येताना रिकामं जहाज डोलू नये म्हणून तळाशी कौलं भरून आणायची, हे मी बाबांना सांगितलं तर ते इतके खूश झाले की आता दुसरीकडे कुठे नेलं तर चालणार नाही. कोळसेवाला जॉर्ज ब्रूस, याने तर खाडीच्या खालून खाण खणली होती, 1625 च्या वादळात ती बुडाली. त्याचा पिवळाधमक वाडा 1597 ते 1611 मध्ये बांधलेला, आत लाकडी छतांवर रंगवलेली चित्रं आहेत. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने तो 1932 साली फक्त 700 पौंडांना घेतला, नाहीतर आज काय उरलं असतं कोण जाणे.

आता अडचण. आई 71 ची, दोन्ही गुडघे दुखतात, सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास चालते पण उतरताना फार त्रास होतो. गल्ल्या सगळ्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आणि 1217 चा मठ वर चढावर, म्हणजे आपल्या कोकणातल्या पाखाडीसारखंच (दगडी पायऱ्यांची चढणीची वाट) की. तर आईला खालीच चौकात आणि वाड्याच्या बागेत बसवून बाबांना वर नेलं तर बरं पडेल का? ती रंगवलेली छतं बघायला किती जिने चढावे लागतात? एखादं तरी छत तिला बघता यावं असं फार वाटतं.

शिवाय आमच्याकडे गाडी नाही. डनफर्मलिनपर्यंत ट्रेन आणि पुढे बस असा विचार आहे, पण रविवारी परतीची बस चुकली तर किती ताटकळावं लागतं? वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, तिकिटं पुढच्या आठवड्यात काढायचीयत.