मदत हवी आहे : रंगाच्या बाटलीचं झाकण काही केल्या उघडत नाहीये, रविवारपर्यंत वेळ आहे

मुरगांवकर | गुरुवार, रात्री ९.१०
नमस्कार मंडळी. रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे. ते दाबोळीला नौदलाच्या आयएनएस हंसा या विमानतळावर होते, सी हॅरियर या लढाऊ विमानाच्या देखभालीत. त्याच विमानाचं छोटं मॉडेल मी गेला महिनाभर रात्री जागून जोडलंय. आता फक्त रंग द्यायचा राहिलाय, आणि गडद करड्या रंगाची बाटली उघडतच नाही. पांढऱ्याचंही तेच. कपड्यात धरून पिळून झालं, दाराच्या फटीत धरून झालं, तळहात सोलला. इथल्या दुकानांत ती छटा मिळाली नाही, ऑनलाइन मागवली तर मंगळवारी येईल. काय करू? लवकर सांगा.

सुरंगी | ९.२२
बाटली काचेची की प्लास्टिकची? झाकण पत्र्याचं आहे का?

फोंडेकर | ९.२५
उकळत्या पाण्यात उलटी बुडवा, एका मिनिटात उघडते. आमच्याकडे लोणच्याची बरणी अशीच उघडतात. आजीपासून चालत आलंय.

जुना_खलाशी | ९.४१
फोंडेकर, लोणच्याची बरणी काचेची आणि झाकण पत्र्याचं. तापल्यावर पत्रा काचेपेक्षा जास्त फुगतो, म्हणून झाकण सैल होतं. दोन्ही प्लास्टिकचं असेल तर हा हिशेब लागू होत नाही. आणि उकळत्या पाण्यात पातळ प्लास्टिकची बाटली वाकडी होते, हे मी स्वतः करून बसलोय. मुरगांवकर बाब, सुरंगीताईंनी विचारलंय ते आधी सांगा.

मुरगांवकर | ९.५०
प्लास्टिकची, १७ मिलीची, निमुळतं नाक असलेली. झाकणही प्लास्टिकचं. रंग पाण्याचा असावा. यात एवढं काय? घट्ट बसलंय, एवढंच.

रंगारी_बापू | १०.०३
"असावा" म्हणून चालणार नाही, बाटलीवर काय छापलंय ते वाचा. पोस्टर रंगात डिंक असतो, तो वाळला तरी ओल्या फडक्यानं परत सुटतो. ऍक्रिलिक एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही, त्याची प्लास्टिकसारखी साय होते. इनॅमल असेल तर टर्पेंटाइन लागेल. तिन्हींची औषधं वेगळी.

आणखी एक. टोपण फिरतच नाहीये, की टोपण निघालंय पण नाकातून रंग येत नाहीये? दुसरं असेल तर बाटली दाबू नका, गुठळी सुटली की सगळा रंग एकदम विमानावर येतो. सुईनं भोक मोकळं करा.

काणकोणी | १०.१५
नेलपॉलिश रिमूव्हर लावा, क्षणात सुटेल. आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्याच बाटल्यांची झाकणं बसतात, या दमट हवेचाच दोष आहे.

रंगारी_बापू | १०.२४
दमट हवेत रंग लवकर वाळत नाही, उशिराच वाळतो. दोष हवेचा नसून आट्यांत राहिलेल्या रंगाचा आहे. बाटलीच्या तोंडाशी ब्रश पुसायची सवय असली की प्रत्येक वेळी थोडा रंग आट्यांत जातो, टोपण लावलं की तिथेच चिकटतो.

आणि रिमूव्हर नकोच. त्यात ऍसिटोन असतं, बहुतेक मॉडेलं पॉलिस्टायरीन या प्लास्टिकची असतात. ऍसिटोनचा एक थेंब पंखावर पडला तर ती जागा मऊ होऊन खड्डा पडेल.

काणकोणी | १०.३१
मी झाकणाला लावा म्हटलं, विमानाला नाही. आणि पोस्टर रंगाच्या बाटलीवर पावसाळ्यात बुरशी येते, ती हवेमुळेच ना?

रंगारी_बापू | १०.३८
येते, मान्य. पण ती डिंकावर येते, आणि तिच्यामुळे झाकण घट्ट होत नाही.

मुरगांवकर | १०.४४
ऍक्रिलिक आहे, वाचलं. टोपणच फिरत नाही. मघाशी पांढऱ्याचं टोपण पकडीनं दाबून पाहिलं, तडकलं. 😔

जुना_खलाशी | १०.५८
पकड लांब ठेवा. पकडीनं गोल टोपण चपटं होतं आणि आट्यांत आणखी रुततं. तुमच्याकडे कोविडातलं पातळ सॅनिटायझर उरलंय का? जेल नको. त्यातलं अल्कोहोल वाळलेला ऍक्रिलिक मऊ करतं. बाटली उभी ठेवून टोपण आणि मान यांच्या फटीत चार-पाच थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा सोडा. गॅसपासून दूर बसा. मग हाताला चटका बसेल इतपत गरम पाण्यात (उकळतं नको) फक्त टोपण बुडेल अशी बाटली दोन-तीन मिनिटं उलटी धरा. उष्णतेनं ऍक्रिलिकची साय नरम पडते. टोपण कोरडं करा, भांडी घासायचा रबरी हातमोजा घाला, आधी टोपण खाली दाबा आणि मग फिरवा.

सुरंगी | ११.०५
हातमोजा नसेल तर टोपणाभोवती जाड रबरबँड दोन-तीन वेढे घ्या. औषधाच्या बाटल्या मी अशाच उघडते.

पेडणेकर७ | ११.१२
इनॅमलच्या छोट्या डबीचं झाकण एकाच जागी उचकटू नका, वाकतं. पेचकस गोल फिरवत चार-पाच ठिकाणी थोडं थोडं उचला. आणि बंद करण्याआधी खाचेतला रंग पुसा.

फोंडेकर | ११.१८
त्यांची डबी नाहीये हो, बाटली आहे.

सुरंगी | ११.२०
अवांतर : बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर आहे, पाहिलंय का? आमचा भाचा तिथून हलायला तयार नव्हता.

मुरगांवकर | ११.२६
पाहिलंय, बाबांनीच नेलं होतं. चाकाजवळच्या एका झडपेवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. २०१६ च्या मे महिन्यात हंसावर ही विमानं निवृत्त झाली, तेव्हा टीव्हीपुढून उठले नव्हते. सुरुवातीची विमानं वरून गडद करडी आणि खालून पांढरी असायची. बाबांच्या डोळ्यांपुढे तीच आहेत, म्हणून मला दोन्ही रंग हवेतच. सॅनिटायझर सापडलं. करून बघतो.

मुरगांवकर | शुक्रवार, सकाळी ६.५०
करडी उघडली! तीनदा थेंब सोडावे लागले. फिरताना आधी बारीक कर्रर्र झालं, मग एकदम सैल. आट्यांत रबरासारखं करडं कडं बसलं होतं, दातकोरण्यानं सोललं तर अख्खी रिंग हातात आली. खलाशीकाका, उपकार झाले. पांढऱ्याचं तडकलेलं टोपण मात्र मधोमध फुटलं. रंग चांगला आहे, आता तो ठेवू कशात?

रंगारी_बापू | ७.१५
औषधाची छोटी ड्रॉपर बाटली स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडी करून त्यात ओता. गुठळ्या असतील तर जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळा. यापुढे रंग नेहमी ताटलीत काढून घ्या, ब्रश बाटलीत बुडवू नका. बंद करण्याआधी ओल्या फडक्यानं मान पुसा आणि आट्यांवर बाहेरून पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. अगदी पुसटसं, रंगात गेलं तर रंग धरत नाही.

काणकोणी | ७.३०
जेलीपेक्षा खोबरेल घरात असतंच.

जुना_खलाशी | ७.४४
खोबरेल नको. आपल्याकडे ते पातळच असतं, ओघळून आत जाईल. जेली जागच्या जागी राहते. मी तर नळाच्या जोडाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर एक वेढा गुंडाळतो, चार वर्षं एकही बाटली अडली नाही.

रंगारी_बापू | ७.५१
निमुळत्या नाकाच्या बाटलीला टेप सरकते.

जुना_खलाशी | ७.५५
घट्ट ओढून लावली तर नाही सरकत.

मुरगांवकर | शनिवार, रात्री ११.४०
वरचा करडा दोन हात देऊन वाळला, खालचा पांढरा एक हात झालाय. दुसरा पहाटे देईन. दोन्ही बाटल्यांना जेली लावली, टेप उद्या आणेन. बाबा मघाशी पाणी प्यायला उठले, तेव्हा विमान कपाटात लपवताना शेपटीला बोट लागलं. तेवढा ठसा घासून परत रंगवतोय.