डंजन्स अँड ड्रॅगन्स : सगळेच नवखे, पहिल्या बैठकीची तयारी कशी करू?

वाटाड्या_०१
डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा २०१४ चा स्टार्टर सेट हाताशी आहे. डीएम (गोष्ट सांगणारा, शत्रू चालवणारा) मी, खेळणारे चौघं, आणि चौघांनीही असला खेळ कधी खेळलेला नाही. वेळ तीन तास. पात्रं त्यांच्याकडून बनवून घेऊ की सेटमधली तयार देऊ? नियम आधी किती सांगू? आणि सुरुवातीलाच चार गोब्लिन (खुजे, दुष्ट प्राणी) दबा धरून बसलेत, ते या चौघांना झेपतील का? नकाशा-फाशांचंही सांगा.

घोरपड
तयार पात्रं द्या, डोळे झाकून. रेस (वंश), क्लास (पेशा), बॅकग्राउंड (पूर्वायुष्य), मंत्रांची यादी यांतच दोन तास जातात, आणि कशाचा उपयोग काय हे माहीत नसताना केलेली निवड पुढच्याच बैठकीत बदलावीशी वाटते. नाव आणि स्वभाव त्यांचं त्यांना ठरवू द्या. सेटमध्ये पाच पात्रं आहेत, त्यांतले दोन फायटर (योद्धे). एक फायटर बाजूला ठेवा. क्लेरिकला (जखमा भरणाऱ्या पुजाऱ्याला) मात्र हात लावू नका.

नियम दहा मिनिटांत उरका. डी२० (वीस बाजूंचा फासा) टाका, कागदावरचा बोनस मिळवा, डीएमच्या मनातल्या आकड्याइतका किंवा जास्त आला तर जमलं. सोपं काम १०, मध्यम १५, अवघड २०. +५ वाल्याला १५ गाठायची शक्यता ५५ टक्के, −१ वाल्याला २५. हे कळलं की कुलुपाला कोण हात घालणार ते गटात आपोआप ठरतं. बाकीचे नियम वेळ येईल तसे.

हटकून होणारा गोंधळ म्हणजे स्कोअर आणि मॉडिफायर. स्ट्रेंग्थ १६ दिसली की नवखा फाशात सरळ १६ मिळवतो. मिळवायचे असतात ३ (१० वजा करून निम्मे, अपूर्णांक आला तर खालचा आकडा). खेळायला बसण्याआधी प्रत्येक कागदावर मॉडिफायरभोवती पेनने गोल करून ठेवा. तसंच हल्ला लागला का हे डी२० सांगतो, जखम किती झाली हे हत्याराचा फासा. पहिल्या चकमकीत हे चार वेळा तरी सांगावं लागेल.

फाशांची_पिशवी
घोरपड यांच्याशी सहमत. गोब्लिनांचा हिशेब मांडतो.

एका गोब्लिनचे ५० एक्सपी (अनुभवाचे गुण), चारांचे २००. तीन ते सहा शत्रू असले की चकमकीची काठिण्यपातळी काढताना दुप्पट धरायचे, म्हणजे ४००. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी ‘जीवघेणी’ची रेषा नेमकी ४०० वर आहे. पाच खेळाडू असते तर हीच चकमक ‘अवघड’मध्ये बसली असती. तेव्हा एक गोब्लिन कमी करा. तिघांचे होतात ३००, चौघांना तेवढी चुरस पुष्कळ झाली.

सगळ्या गोब्लिनांसाठी एकच इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा फासा) टाकायचा मोह होतो, पुस्तकही तेच सुचवतं. पण ते आधी आले तर खेळाडू हलायच्या आत सगळे बाण सुटतात. एका बाणाची जखम डी६+२ (सहा बाजूंच्या फाशात २ मिळवून), सरासरी साडेपाच. विझार्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट, म्हणजे जखम झेलायची क्षमता, सात-आठ. दोन बाण लागले की तो आडवा, आणि त्या खेळाडूने अजून एकदाही फासा टाकलेला नसतो. दोन गट करा: दोघे अंगावर धावून येणारे, एक झाडीत धनुष्यवाला. आणि मुद्दाम वेगवेगळ्या लोकांवर हल्ला करा.

विझार्डकडे स्लीप (झोपवणारा मंत्र) असेल तर चकमक एका मंत्रात संपू शकते. ५डी८ (आठ बाजूंचे पाच फासे), सरासरी साडेबावीस; एकूण तेवढ्या हिट पॉइंटचे प्राणी झोपतात. सात हिट पॉइंटवाले तीन गोब्लिन त्यात बसतात. फक्त मंत्राच्या २० फूट त्रिज्येत आपला माणूस असेल तर तोही झोपू शकतो, हे टाकण्याआधी सांगा. नंतर सांगितलं की भांडणं होतात!

वाटाड्या_०१
धन्यवाद, वाचनखूण साठवली. हिट पॉइंट शून्य झाले म्हणजे पात्र मेलं ना? गुहेत पुढे बगबेअर (गोब्लिनांचा दांडगा भाईबंद) आहे, त्याचीच धास्ती वाटते.

घोरपड
नाही, बेशुद्ध. दर पाळीला नुसता डी२०: १० किंवा वर आला तर एक यश, खाली आला तर एक अपयश. तीन यशं म्हणजे वाचला, तीन अपयशं म्हणजे गेला. १ आला तर दोन अपयशं, २० आला तर एक हिट पॉइंट घेऊन उठतो.

धास्ती मात्र खरी आहे. शून्यावर आल्यावर उरलेली जखम कमाल हिट पॉइंटइतकी असेल तर मरण तिथल्या तिथे. बगबेअरचा घाव २डी८+२, आणि बेसावध गाठलं तर पहिल्या फेरीत वर २डी६; सरासरी १८. आठ हिट पॉइंटच्या विझार्डला १६ पुरतात. म्हणून हा पहिला घाव चिलखतवाल्यावरच घाला. शिवाय सुरुवातीलाच प्रत्येकाला एकेक हीलिंग पोशन द्या (२डी४+२). उदार वाटलं तरी चालेल.

चौकटीची_वही
सामानाबद्दल. सेटमध्ये फासे एकाच संचाचे आहेत, सगळ्यांत फिरवत बसलात तर वेळ जातो. निदान डी२० प्रत्येकाचा वेगळा हवा, दोन असले तर उत्तम, अॅडव्हान्टेजला (दोन डी२० टाकून मोठा आकडा घ्यायचा असतो तेव्हा) दोन्ही एकदम टाकता येतात. नकाशाला चार्ट पेपरवर एक-एक इंचाच्या चौकटी आखा, एक चौकट पाच फूट. कॅरमच्या सोंगट्या नकोत, तीन सेंटिमीटरच्या वर असल्याने चौकटीबाहेर येतात. नाणी बरोबर बसतात.

आणखी एक. नियम नेटवर शोधाल तेव्हा २०२४ च्या सुधारित पुस्तकांतले समोर येतील. त्यांत पोशन बोनस अॅक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) पिता येतं, तुमच्या सेटमध्ये पूर्ण अॅक्शन जाते. स्लीपही तिथे अगदी निराळा आहे, हिट पॉइंट मोजण्याऐवजी विस्डम सेव्ह (मंत्र टाळायला समोरच्याने टाकायचा फासा). २०१४ चे नियम हवे असतील तर एसआरडी ५.१ (मूळ नियमांचा खुला संक्षेप) ची पीडीएफ घ्या, २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहे.