स्टेरिओ चॅनेलवरचा ट्रॅक, ऑक्सचा मॉनिटर आणि एकोची शिट्टी: सेटिंग कुठं चुकतंय?

पार्कचौक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. संक्रांतीच्या आठवड्यात, ऐन गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत, होटगी रोडवरच्या एका कार्यालयात कराओकेचा कार्यक्रम आहे. मिक्सर १२ चॅनेलचा. १ ते ४ मोनो, पुढे ५/६, ७/८, ९/१०, ११/१२ स्टेरिओ. ऑक्स (आवाज वेगळ्या वाटेनं बाहेर काढायचा नॉब) १ प्री, म्हणजे फेडरच्या आधीचा, त्यावर स्टेजचा मॉनिटर (गायकांना ऐकायचा बॉक्स). ऑक्स २ पोस्ट, म्हणजे फेडरच्या नंतरचा, तो एकोच्या मशीनमध्ये जातो आणि मशीन ११/१२ वर परत येतं. तीन गायक, एक कीबोर्ड, ट्रॅक लॅपटॉपवरून.

अडचणी अशा:
१) लॅपटॉपची कॉर्ड चॅनेल ४ च्या लाइनमध्ये लावली की ट्रॅक पोकळ वाजायलाय. कोरस आणि ढोलक जवळजवळ गायब.
२) ट्रॅकचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) पूर्ण खाली घेतला तरी मॉनिटरमध्ये ट्रॅक चालूच.
३) गायकांना मॉनिटरमध्ये एको पाहिजे म्हणून ११/१२ चे दोन्ही ऑक्स उघडले तर लगेच शिट्टी.
४) कीबोर्ड हॉलमध्ये छान, मॉनिटरमध्ये पातळ.

बाळीवेस

पहिल्या अडचणीत दोष कॉर्डचा आहे. तुमच्याकडं एका टोकाला ३.५ मिमीची ईपी (इअरफोनची बारकी पिन) आणि दुसऱ्या टोकाला एकच स्टेरिओ पी-३८ (पाव इंची जाड पिन) अशी कॉर्ड असणार. मोनो चॅनेलचं लाइन इनपुट बॅलन्स्ड असतं. पिनच्या टोकावर जे येतं त्यातून मधल्या रिंगवरचं वजा करून ते पुढं पाठवतं. लांब वायरीत शिरलेला हम (घूंघूं आवाज) मारायला ही सोय फार कामाची. पण लॅपटॉप टोकावर डावा आणि रिंगवर उजवा आवाज देतो, म्हणजे मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. ढोलक, बेस, कोरस ट्रॅकच्या मधोमध, दोन्हीकडं सारखे असतात, ते कापले जातात. कडेची व्हायोलिनं आणि रिव्हर्बची शेपटी तेवढी उरते.

एक ईपी स्टेरिओ ते दोन मोनो पी-३८ अशी कॉर्ड घ्या. डावी ५ मध्ये, उजवी ६ मध्ये. लॅपटॉपचा आवाज पाऊणपर्यंत ठेवा, बाकीचं पीएफएल (त्या एकाच चॅनेलचा फेडरआधीचा आवाज दाखवणारं बटण) दाबून मीटर बघत गेनवर (चॅनेलच्या सुरुवातीचा आवाज वाढवायचा नॉब) भरा. चॅनेलवर +४/-१० चं (येणाऱ्या आवाजाच्या पातळीचं) बटण असेल तर लॅपटॉपसाठी -१०.

आता एक बारकं पण महत्त्वाचं. ५ च्या जॅकवर बहुतेक 'एल/मोनो' लिहिलेलं असतं. फक्त तोच लावला तर आतून तो दोन्ही बाजूंना जोडला जातो. जुन्या कराओके सीडीवरून घेतलेल्या काही ट्रॅकमध्ये एका बाजूला नुसतं संगीत आणि दुसऱ्या बाजूला गायकाचा आवाज असतो. तिथं बॅलन्सचा नॉब फिरवून भागत नाही, कारण बॅलन्स नुसती एक बाजू बारीक करतो, तिचा आवाज दुसरीकडं नेत नाही. अर्धा हॉल मुका राहतो. संगीताच्या बाजूची पिन एल/मोनोमध्ये लावा आणि दुसरी मोकळी सोडा.

तुळजापूरवेस

दुसरी अडचण हा बिघाड नाही, प्रीचा अर्थच तो. प्री ऑक्स फेडरच्या आधी आवाज उचलतो, म्हणून हॉलमध्ये काहीही केलं तरी गायकाचा मॉनिटर हलत नाही. मॉनिटरला हेच हवं. ट्रॅक थांबवायचा तर लॅपटॉपवर थांबवा. म्यूटनं प्री ऑक्स बंद होतो का ते मिक्सरप्रमाणं बदलतं, कार्यक्रमाआधी दाबून बघा. मात्र गेन प्रीच्याही आधी असतो. गाणं चालू असताना माइकचा गेन वाढवला की मॉनिटरही तेवढाच वाढतो, आणि शिट्टी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. चाचणी झाली की गेनला हात लावायचा नाही.

तिसरी: ११/१२ वर मशीनचा आवाज परत येतो. त्याच चॅनेलचा ऑक्स २ उघडला की तो पुन्हा मशीनमध्ये, तिथून पुन्हा ११/१२ वर, असं चक्र सुरू होतं. ११/१२ चा ऑक्स २ कायम शून्यावर, वर चिकटपट्टी लावून ठेवा. गायकांना एको द्यायला त्याच चॅनेलचा ऑक्स १ थोडासा, घड्याळातल्या नऊच्या जागेपर्यंत, उघडा. मशीनवर मिक्स पूर्ण वेट (नुसता एको, मूळ आवाज नाही) ठेवा. कोरडा आवाज माइकच्या चॅनेलवरून आधीच येतोय, तोच मशीनमधूनही आला तर दोन्ही मिसळून आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. एको गाण्याच्या ठेक्यात हवा असेल तर ६०,००० ला लयीनं भागा. मिनिटाला १२० ठोके असतील तर ५०० मिलिसेकंद, ९० असतील तर ६६७. जलद गाण्याला त्याचं निम्मं घ्या, नाहीतर शब्दावर शब्द चढतो.

बाळीवेस

कीबोर्डचं राहिलं. स्टेरिओ चॅनेलचा ऑक्स डावा-उजवा एकत्र करून मोनोच पाठवतो. कीबोर्डच्या पियानो, स्ट्रिंग्ससारख्या आवाजांत रुंदी यावी म्हणून दोन्ही बाजूंत मुद्दाम फरक ठेवलेला असतो, एकत्र आल्यावर त्यातला काही भाग एकमेकांना मारतो. कीबोर्डच्याच एल/मोनो आउटपुटमधून एक वायर काढा. उजव्या जॅकमध्ये काही नसलं की बरेचसे कीबोर्ड स्वतःच मोनो देतात, आणि ते मॉनिटरमध्ये भरीव वाजतं. हॉलमधली रुंदी जाईल, पण कार्यालयात एका बाजूच्या बॉक्ससमोर बसलेल्यांना ती नाहीतरी मिळत नाही.

पार्कचौक

कॉर्ड बदलली, ढोलक आलं! ऑक्स २ वर पट्टीही लावली. आता लॅपटॉपला चार्जर लावला की घूंऽऽ असा हम येतो, काढला की जातो. चार्जरची अर्थची पिन काढू का?

तुळजापूरवेस

अजिबात काढू नका, अर्थ जिवाच्या रक्षणासाठी आहे. लॅपटॉपचा अर्थ आणि मिक्सरचा अर्थ ऑडिओ वायरीच्या शिल्डमधून जोडले जाऊन वेटोळं होतंय. आधी दोघांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तरी राहिला तर मधे दोन चॅनेलचा ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर (हे वेटोळं तोडणारा डबा) किंवा स्टेरिओ डीआय (आवाज माइकच्या इनपुटला चालेल असा करणारा डबा) लावा. त्या डीआयचं आउटपुट एक्सएलआर (माइकची तीन पिनांची जोडणी) असेल तर ते १ ते ४ पैकी दोन माइक इनपुटवर जाईल, मग गायकांना दोनच माइक उरतील. तुमच्या तीन गायकांसाठी जॅकवाला आयसोलेटरच घ्या, तो सरळ ५/६ मध्ये बसतो.