अडुळशात तुळस आहे का?

पानकणीस:
काल मुलगी म्हणाली आई, अडुळसा म्हणजे तुळशीचाच प्रकार ना, शेवटी तसंच ऐकू येतं. मी नाही म्हटलं, पण शब्द आला कुठून ते सांगता येईना. शिवाय मी अडुळशाचा काढा म्हणते आणि सासूबाई अडुळस्याचा, बरोबर काय?

कुंपणावरचा:
ताई, तुळशीशी काही नातं नाही. संस्कृतात अटरूष, त्यातल्या ट चा ड, र चा ळ, ष चा स, की झाला अडुळसा. हिंदीतला अडूसा पण तोच. अमरकोशात अटरूषाच्या शेजारीच वासक, वृष, सिंहास्य, वैद्यमाता अशी नावं आहेत. सिंहास्य, म्हणजे सिंहाच्या तोंडाचा, का ते फूल बघितलं की कळतं, पांढरं, दोन ओठांचं, आत जांभळट रेघा, सरळ जबडा उघडलाय. वैद्यमाता तर माझं लाडकं, एवढा मान बाकी कुठल्या झुडपाला मिळालाय!

ससा_घसा:
ससा-सशाचा, घसा-घशाचा, तसं अडुळशाचा. पण पूर्वी पैश्याचा असंही लिहायचेच की, सासूबाईंशी भांडू नका.

पाटावरवंटा:
आमच्या घरी अडुळसा म्हणजे झाड नाहीच, बाटली! "दोन चमचे अडुळसा घे" एवढाच वापर. खोकल्याच्या गोळ्यांतलं ब्रोमहेक्सिन ह्याच्याच पानातल्या व्हॅसिसिन नावाच्या द्रव्यावरून बेतलंय, म्हणजे डॉक्टरकडे गेलो तरी अडुळसा काही सुटत नाही.

कुंपणावरचा:
अजून एक गंमत. लिनियस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 मध्ये शास्त्रीय नाव दिलं जस्टिशिया आढातोडा. त्यातलं आढातोडा दक्षिणेकडचं, तमिळमध्ये आडु म्हणजे शेळी आणि तोडा म्हणजे न शिवणारी, शेळी तोंड लावत नाही ते झाड अशी व्युत्पत्ती सांगतात. आमच्या गावी कुंपणाला अडुळसाच लावतात त्याचं कारण हेच, कडू पाला कोण खाणार. म्हणजे एकाच झाडाला कोणी सिंह म्हणतंय आणि कोणी शेळीवरून नाव ठेवतंय.

पानकणीस:
भारीच, हे मुलीला सांगते. पण पानं ठेचली तर रसच निघेना हो.

पाटावरवंटा:
नुसती ठेचून नाही निघत, आधी तव्यावर गरम करून मऊ करा. वैद्य लोक पानांचा गोळा गुंडाळून, वरून माती लिंपून भाजतात आणि मग पिळतात, त्याला पुटपाक म्हणतात. आणि घरात कोणाला दिवस गेले असतील तर तिला देऊ नका हं, गर्भाशय आकुंचन पावतं त्याने.

ससा_घसा:
पुटपाकावर वेगळा धागा काढा कोणीतरी.