कोयनेचं अवजल पुन्हा वर का चढवत नाहीत?

प्रश्न
कोयना मुळात पूर्वेकडची, कराडला कृष्णेत मिळणारी. पण धरणातलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजगृहात उतरतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला जातं. हे अवजल (वीज करून बाहेर पडलेलं पाणी) पंपाने परत शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, का टाकत नाहीत? उन्हाळ्यात कृष्णाकाठाला केवढा आधार होईल!

प्रतिसाद १
हिशेब मांडून बघा. १ टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. पोफळीचं हेड, म्हणजे पाणी उतरण्याची उंची, सुमारे ४७५ मीटर. कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर ३.२ कोटी युनिट मिळतात. तेवढंच पाणी वर चढवायला ४.२ कोटी युनिट लागतील. टीएमसीमागे १ कोटी युनिटची खोट.

शिवाय पोफळीला पेल्टन टर्बाइन आहेत. नोझलमधून सुटलेली धार चाकाच्या वाट्यांवर आदळते आणि चाक अवजलाच्या वर, हवेत फिरतं. ते उलटं फिरवलं तरी पाणी उचलणार नाही. वेगळे पंप लागतील, तेही अवजलाच्या पातळीच्या बरेच खाली. नाहीतर आत बाष्पाचे बुडबुडे फुटून पात्यांना खड्डे पडतात.

प्रतिसाद २
आकडे बरोबर आहेत, पण मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. जे पाणी परत आणायचं, ते पश्चिमेला उतरवायचंच कशाला? धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून (२० मेगावॉटचे दोन संच) ते थेट कोयना नदीत सोडता येतं. तिथे ७० मीटर हेड धरलं तर टीएमसीला ४७ लाख युनिट. पश्चिमेला पोफळी आणि त्याच्या खालचं कोळकेवाडी वीजगृह मिळून जवळपास ४ कोटी. खरी ओढाताण या फरकाची आहे. म्हणून तर कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. हे वर्ष १ जून ते ३१ मे असं धरतात. कोटा संपत आला की एप्रिल-मेमध्ये वीजनिर्मितीला हात आखडावा लागतो.

पाणी वर चढवणं परवडतं ते एकाच कामासाठी: दुपारची जादा सौरवीज साठवून संध्याकाळी वापरायला.

प्रतिसाद ३
अवजल वाया जातं, हे मात्र मनातून काढा. उन्हाळ्यात वाशिष्ठी त्यावरच वाहती राहते आणि चिपळूणचं पिण्याचं पाणी तिच्यातूनच उचलतात. कोयना प्रकल्पाचा चौथा टप्पा पूर्ण १००० मेगावॉटवर चालला तर सेकंदाला सुमारे २३० घनमीटर पाणी लागतं, म्हणजे ३४ तासांत १ टीएमसी. हे चढउतार कोळकेवाडीचा तलाव झेलतो. पण तिथलं वीजगृह बराच वेळ बंद राहिलं की खाली पात्र ओसरतं आणि जॅकवेलचे (नदीतून पाणी उचलायच्या विहिरीचे) पंप उघडे पडतात. तेव्हा पूर्वेला किती सोडायचं हे ठरवताना चिपळूणची गरज आधी बाजूला काढावी लागेल.